पालीच्या घरातले नऊ इंच

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोंद असावी म्हणून लिहिते. माळनाक्यावरच्या कॉम्प्युटर-ड्रॉइंगच्या क्लासात आज मला जी खुर्ची देण्यात आली, ती खाली जाते! एकदम गेली असती तर माणूस सावरतो तरी. ही हळूहळू, सभ्यपणे, दर पाच मिनिटांनी बोटभर जाते. साडेपाचला बसले तेव्हा माझी नजर स्क्रीनवर होती. सहाला कीबोर्डवर. सव्वासहाला मी टेबलाच्या कडेवरून बघत होते — गणपतीच्या पुढ्यातल्या उंदरासारखी.

तक्रार केली. क्लासच्या मॅडम — रुचिरा नाव, वय तेवीस — म्हणाल्या, "काकू, मध्येमध्ये उठून ती दांडी ओढायची. येते वर."

मी काकू, त्या मॅडम. चला.

चोवीस वर्षं उंच स्टुलावर बसून घरांची ड्रॉइंग काढली. स्टूल कधी अर्धा इंच हललं नाही. पण ऑफिसातला माझा बोर्ड शनिवारी काढला आणि त्या जागी प्रिंटर आला. अजिंक्यसाहेब — मोठे साहेब गेल्यापासून ऑफिस त्यांच्या या चिरंजीवांचं — म्हणाले, "मॅडम, परवानगीचे प्लॅन आता कॅडच्या फायलीतच द्यावे लागतात. तुम्ही शिकून घ्या. नाहीतर —" आणि फोन उचलला.

अर्धं वाक्य घरी आणायला दिलं. रात्रभर पुरलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

एका तासात एक रेघ काढली. ती पण तिरकी.

रेघ काढायची तर आधी विचारायचं — म्हणजे एल दाबायचं. मग ते विचारतं, पहिला बिंदू कुठे? सांगितला. मग विचारतं, पुढचा? सांगितला. मग परत विचारतं, पुढचा? अरे, झाली ना रेघ! तर नाही. एस्केप दाबेपर्यंत ते आपलं विचारतच राहतं. आमच्या सासूबाई मुलगी बघायला आल्या होत्या तेव्हा इतके प्रश्न नव्हते.

शेजारी डिप्लोमाची दोन पोरं बसतात. ती स्क्रीनकडे न बघता बंगला काढतात. आज एकाने विचारलं, "काकू, तुमचा मुलगा येणार आहे का? त्याची सीट धरलीय का तुम्ही?"

बुधवार, ५ फेब्रुवारी

रेघ सरळ आली. मान वाकडी राहिली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज अख्खं ड्रॉइंग हरवलं. चार भिंती, दोन दारं, एक खिडकी — माउसचं चाक जरा जोरात फिरलं आणि सगळं गायब! काळा कुट्ट पडदा. मी ओरडलेच.

रुचिरामॅडम आल्या, दोन अक्षरं दाबली, घर परत हजर. "गेलं नव्हतं काकू. तुम्हीच लांब गेला होतात."

मला वाटलं, ही मुलगी टोमणा मारतेय. चेहरा बघितला. नाही. साधी आहे बिचारी. म्हणजे अजूनच राग आला.

आमच्या यांना, निलेशना, फोनवर सांगितलं. ते लोट्याला कंपनीत, शनिवारी येतात. म्हणाले, "अगं मग जवळ राहायचं ना." आणि स्वतःच हसले.

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेबांनी वाक्य पूर्ण केलं.

टेबलावर जुनी निळी प्रिंट पसरली. पालीचं सगुणाबाईंचं घर, सन २००३. अक्षर माझं! काय अक्षर होतं — 'जिना', 'मोठी खोली', एकेक शब्द जसा छापलेला. सगुणाबाईंचा मुलगा मुंबई सोडून बायको-पोरांसकट परत येतोय, वर मजला चढवायचाय. त्यासाठी आधी खालचं घर जसं आहे तसं कॅडमध्ये हवं.

"हे एक घर पूर्ण करून दाखवा, अठ्ठावीस तारखेपर्यंत," साहेब म्हणाले. "जमलं तर ड्रॉइंग तुमच्याकडेच. नाही जमलं तर पुढचं टेबल आहेच. फोन, फायली, आल्यागेल्याला बसा-पाणी. पगार तोच."

पगार तोच! जणू मी पगारासाठी रडणार होते. चोवीस वर्षांनी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं सांगायला बसायचं. मी हसून म्हटलं, "जमेल की. घर माझंच आहे."

आणि मग माझी जीभ सुटली. या घराची गोष्ट मी ऑफिसात वीसेक वर्षं सांगत आलेय, साहेबांनी ऐकली नव्हती. तर घर बांधलं रघू मिस्त्रींनी. प्लॅनवर मोठी खोली बारा फूट, मिस्त्रींनी बांधली सव्वाअकरा! नऊ इंच खाल्ले. घरमालकांनी बारा फुटांच्या हिशोबाने फणसाच्या लाकडाचा पावणेबारा फुटी बाक करून घेतलेला. तो आत बसेना. मग आरडाओरडा, मोठे साहेब जागेवर, मी प्लॅन उघडून दाखवते — हे बघा, बारा! मिस्त्री प्लॅन हातात घेतात, उलटा धरतात, मग आडवा, शेवटी डोक्यावर. उन्हासाठी!

मी सगळं करून दाखवते, डोक्यावर धरण्यापर्यंत. अजिंक्यसाहेब डोळे पुसेपर्यंत हसले. "हेच का ते मिस्त्री, जे आता वरचा मजला बांधणार आहेत?"

तेच, म्हटलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बाहेरची भिंत झाली. सत्तावीस फूट तीन इंच, प्लॅनवर लिहिल्याप्रमाणे. आता आतल्या खोल्या. डावीकडून — भिंत नऊ इंच, खोली दहा फूट, भिंत, जिन्याची जागा तीन फूट, भिंत, मोठी खोली बारा फूट.

बसत नाही. शेवटच्या खोलीला सव्वाअकराच उरतात.

तिसऱ्यांदा काढून बघितलं. सव्वाअकरा. हे मशीन मिस्त्रींच्या गावचं आहे काय!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रुचिरामॅडमनी बघितलं. ओठांतल्या ओठांत मोजत गेल्या. मग म्हणाल्या, "काकू, आकडेच जुळत नाहीत."

"आकडे मंजूर झालेले आहेत," मी म्हटलं. "शिक्का बघा."

"हो, पण बेरीज —"

"तुमच्या माउसचं चाक सरकतं. त्याने झालं असेल."

बोर्डावर असताना असं काही व्हायचं नाही. एवढ्या लहान स्केलला नऊ इंच म्हणजे कागदावर सव्वादोन मिलिमीटर. एक रेघ जरा इकडे, एक जरा तिकडे, थोडं खोडरब्बर, की घर जुळतं. हे मशीन मेलं केसाएवढं सोडत नाही. हॅच, म्हणजे भिंतीचं पोट, भरायला गेले तर म्हणतं, हद्द बंद नाही. शोधा फट! संध्याकाळभर फट शोधली.

डिप्लोमाच्या पोराकडे आज गुलाब होता. कुणासाठी विचारलं तर लाजला. त्याचा पण बंगला आज तिरका आला. तेवढंच समाधान.

शनिवार, १५ फेब्रुवारी

परत काढलं. या वेळी उजवीकडून सुरुवात केली, म्हणजे मोठी खोली बारा येतेच. आली! मग जिना सव्वादोन फुटांचा झाला. त्यातून सगुणाबाई तरी आडव्या होऊन गेल्या असत्या, मी नाही.

निलेश आले. विचारलं, "काय, झालं का घर?" मी म्हटलं, घरात नऊ इंच जास्त आहेत. ते म्हणाले, "असू दे की. कुणी जास्त जागेची तक्रार करतं का?"

ते त्यांच्या कंपनीत असंच बोलतात का, देव जाणे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उपाय निघाला. इतका सोपा की रागच आला.

रुचिरामॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हाला बाराच हवं आहे ना? मग आकड्यावर दोनदा क्लिक करा आणि बारा टाका. रेघ आहे तेवढीच राहते, वर दिसतं बारा."

"म्हणजे खोटं?"

"खोटं असं नाही..." ती घुटमळली. "क्लासमध्ये शिकवत नाहीत हे. पण ऑफिसांतून करतात. रेघ कोण मोजायला बसतंय? सगळे आकडाच वाचतात."

तेवीस वर्षांची पोरगी. मला चोवीस वर्षं लागली असती हे वाक्य बोलायला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

केलं. सव्वाअकराच्या खोलीवर बारा लिहिलं. सुबक दिसतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी. आज साहेबांना प्रिंट दाखवली. "वा मॅडम! नऊ दिवस आधी." (आठ. पण असो.) "आता फक्त जिन्याची मापं घेऊन या पालीहून. वरचा जिना याच्यावर चढवायचाय. मिस्त्रींना बोलावलंय मी तिथे."

दहाच्या एसटीने गेले. रस्त्याचं काम चालूच. पालीला उतरले तेव्हा पदर, पर्स, केस सगळं तांबडं.

सगुणाबाई दारातच. "या गो बाय! अजून तशाच आहात की तुम्ही." मी तशी नाही, त्याही नाहीत, दोघींनी मान डोलावली. मिस्त्री ओट्यावर बसले होते, उठले. केस पिकलेत. टेपचं टोक धरायला पुढे झाले, न सांगता.

जिना तीन फूट. बरोब्बर. मग मला काय वाटलं कोण जाणे, मोठ्या खोलीलाही टेप लावला. सव्वाअकरा. भिंतीला तो फणसाचा बाक, एका टोकाला कापलेला. त्या टोकावर सगुणाबाईंनी टीव्हीचा रिमोट आणि पंचांग ठेवलंय.

"मिस्त्री," मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही ही खोलीच का कमी केलीत?"

ते बाकाकडे बघत होते. "मग काय जिना कमी करू, बाय? म्हातारी माणसं चढणार. दहाची खोली कमी करू? ती आधीच ल्हान."

"पण कमी करायची वेळ का आली?"

"फक्कीने आखणी केली ना, की मी एक थर कोराच लावतो. सिमेंट नाय, कालवण नाय, नुसते चिरे. सगळ्या घराचा. माझा बापूस पण तसाच लावायचा. चिरे मांडले की घर बोलतं." ते हसले. "तुमच्या घराचे चिरे मांडले तर एक भिंत उरली. हातात भिंत आणि ठेवायला जागा नाय! पाया तर भरलेला. मग मी ही खोली ओढली आत."

मी भिंती मोजल्या. बोटाने, पोरासारख्या. एक. दोन. तीन. चार.

"तेव्हा बोलला का नाहीत?"

"कोणाला? मोठ्या सायबांना? कागदावर बारा होतं, शिक्का होता. मना कागद वाचता येत नाय, ही गोष्ट सगळ्यांना माहीत." टेप गुंडाळून त्यांनी माझ्याकडे दिला. "तुमी काय बोल्ला नाय, मी पण काय बोल्लो नाय. घर उभं हाय ना? झालं तर."

निघताना म्हणाले, "बाय, एवढंच बघा — नव्या कागदात बारा घालू नका. वरची भिंत खालच्या भिंतीवर बसायला हवी. मी काय, परत चिरे लावून बघीन. पण माझ्या जागी दुसरा कोण असला तर तो कागद बघून बांधील."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. बाहेर काय होतं आठवत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दहा आणि तीन आणि बारा, पंचवीस. चार भिंती, प्रत्येकी नऊ इंच, तीन फूट. अठ्ठावीस.

प्लॅनवर माझ्या छापील अक्षरात — सत्तावीस फूट तीन इंच.

मी तीनच भिंती धरल्या होत्या. जिन्याच्या पलीकडची राहिली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

क्लासला गेले, काही केलं नाही. खुर्चीबरोबर खाली गेले आणि बसून राहिले. रुचिरामॅडम म्हणाल्या, "काकू, बरं नाही का?" म्हटलं, पित्त झालंय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज साहेबांना सांगणार होते. निदान अर्धं तरी — की खोली जागेवर सव्वाअकरा आहे, आकडा बदलायला हवा. तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले,

"मॅडम, ते नऊ इंचवाले मिस्त्री. मी सगुणाबाईंना कळवलंय, वरचं काम त्यांच्याकडे नको. संगमेश्वरचा एक कॉन्ट्रॅक्टर आहे, कागदाला एकदम पक्का. एक रेघ हलवत नाही."

"अहो पण मिस्त्रींनीच तर घर —"

"तुम्हीच सांगितलंत की! वर, काल बाबांचं जुनं साइट रजिस्टर काढलं. त्यात लेखी आहे." रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मोठ्या साहेबांच्या हातचं: 'मंजूर प्लॅन सोडून काम केले. चूक माझी आहे. पुन्हा होणार नाही.' खाली मिस्त्रींची सही. एकेक अक्षर सुटं, दाबून काढलेलं. 'घू'चा दीर्घ उकार पानाबाहेर गेलाय.

"यात तुम्हीही होता ना?" साहेबांनी विचारलं.

"होते," म्हटलं.

"मस्त गोष्ट सांगता तुम्ही ती. डोक्यावर प्लॅन!" आणि परत हसले.

मी पण हसले. सवयीने. घरी येऊन भाताचा कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले, भात लागला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बारा तसंच ठेवलं तर संगमेश्वरचा पक्का माणूस ते वाचणार आणि वरची भिंत खालच्या भिंतीपासून नऊ इंच सरकवून बांधणार. खाली आधार नाही, नुसत्या स्लॅबवर. रेघ हलवणार नाही म्हणे.

सव्वाअकरा केलं तर साहेब विचारणार, मग मंजूर प्लॅनवर बारा कसं? त्याला सोपं उत्तर आहे. रजिस्टरात तयारच आहे, सहीसकट.

तिसरं उत्तर दिलं तर पुढचं टेबल. बसा, पाणी घ्या, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. ऑफिस बंद, क्लास बंद. उपास. निलेशनी फोनवर विचारलं, आज इतकी गप्प का? म्हटलं, उपासात बोलायचं नसतं. "हे कधीपासून?" म्हणाले. खरंच आहे, माझ्या तोंडाला कधी उपास नव्हता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

संध्याकाळी नवी फाइल उघडली. जुनी प्रिंट घेतलीच नाही, पालीला टेपने घेतलेली मापं घेतली. भिंत, खोली, भिंत, जिना, भिंत, खोली, भिंत. चार. हद्द पहिल्या फटक्यात बंद झाली. हॅच भरलं — चारही भिंती एका क्लिकला भरीव झाल्या, जसा चिऱ्यांचा थर भरावा. शेवटच्या खोलीचा आकडा मशीनने स्वतःच लिहिला: सव्वाअकरा.

रुचिरामॅडम मागे उभ्या होत्या. "काकू, जुळलं की! काय चुकत होतं?"

"एक भिंत मोजायची राहिली होती."

"होतं असं सुरुवातीला," ती म्हणाली. "मी पण पहिल्या महिन्यात खूपदा केलंय."

तिला कसं सांगू सुरुवात कधीची ते. फी भरलेल्या दिवसापासून पहिल्यांदा मी तिला मनापासून मॅडम म्हटलं. तिच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

साडेनऊलाच ऑफिस उघडलं. रजिस्टर काढलं. मिस्त्रींच्या सहीखाली चार ओळींची जागा होती, दोन पुरल्या.

'चूक प्लॅनमध्ये होती. प्लॅन मी काढला होता. बेरजेत एक भिंत राहिली, हे मला ही सही होण्याच्या आदल्या संध्याकाळीच कळले होते. मी बोलले नाही.'

पूर्ण नाव घातलं, आजची तारीख घातली. इतके दिवस या वहीतही मी हे लिहिलं नव्हतं. रजिस्टर उघडंच साहेबांच्या टेबलावर ठेवलं, शेजारी नवं ड्रॉइंग.

मग पुढच्या टेबलाशी जाऊन बसले.